एक ताट, अनेक ताटे : बालवर्गातील वचनविचार

‘खालील शब्दांचे वचन बदला’ हा प्रश्न आपणांपैकी प्रत्येकाने सोडविला आहे. घोडा–घोडे, नदी–नद्या, फूल–फुले. पाच गुणांचा हा प्रश्न सोपा समजला जातो. बालवर्गाला मराठी शिकविण्यात माझी बरीच वर्षे गेली. तो वाटतो तितका सोपा नाही, असे आता सांगितले पाहिजे.

मूल पहिलीत येते तेव्हा अनेकवचन त्याला येतच असते. ‘दोन चिमण्या बसल्या’ हे वाक्य त्याला कोणी शिकविलेले नसते. 1958 साली अमेरिकेत जीन बर्को या विदुषींनी लहान मुलांना एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवून त्याचे नाव ‘वग’ असल्याचे सांगितले. मग तसेच दोन प्राणी दाखवून ‘हे काय?’ असे विचारले. पूर्वी कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाचे अनेकवचन मुलांनी इंग्रजीच्या रीतीप्रमाणे बरोबर केले. म्हणजे मुले केवळ ऐकलेले शब्द साठवीत नव्हती, नियम त्यांच्या मनात तयार झाला होता.

हाच प्रयोग मी आमच्या वर्गात मराठीतून करून पाहिला. फळ्यावर एक वेडावाकडा प्राणी काढला आणि म्हटले, ‘हा गोंबा.’ दोन काढताच वर्ग ओरडला, ‘दोन गोंबे!’ ‘ही पिमकी’ म्हटल्यावर ‘पिमक्या’ झाल्या. मग मी केवळ ‘झिम’ म्हटले आणि वर्ग थबकला. एका मुलीने विचारले, ‘गुरुजी, तो झिम की ती झिम?’ मराठी वचनाचे मर्म त्या मुलीने नेमके पकडले होते. लिंग ठरल्याशिवाय आपल्या भाषेत अनेकवचन होत नाही. ‘तो झिम’ असेल तर दोन झिमच, कारण देव, दगड, विहार ही पुल्लिंगी नामे बदलत नाहीत. ‘ते झिम’ असेल तर घरे, ताटे यांप्रमाणे झिमे. ‘ती झिम’ म्हटल्यावर मात्र वर्गात दोन तट पडले, झिमा आणि झिमी. दोन्ही बरोबर होते. वीट–विटा, चिंच–चिंचा, माळ–माळा. पण भिंत–भिंती, विहीर–विहिरी, चादर–चादरी. अकारान्त स्त्रीलिंगी नामांपैकी कोणते ‘आ’ घेईल आणि कोणते ‘ई’, हे सांगणारा पक्का नियम नाही. इंग्रजीतून आलेले पेन्सिल, सायकल यांसारखे शब्द बहुधा ‘ई’ घेतात, इतकेच. बाकीचे कानाने शिकावे लागते. म्हणून पाठांतराची यादी देण्यापूर्वी मुलांकडून ‘तो, ती, ते’ लावून घ्यावे, ही माझी पहिली सूचना.

मूल ‘दोन मामे आले’ म्हणते तेव्हा घरातील मंडळी हसतात. हसू नये. आंबा–आंबे हा नियम त्याला समजला आहे, मामा, काका, दादा हे अपवाद तेवढे कळायचे आहेत. त्याउलट न बदलणाऱ्या नामांचे वचन क्रियापदात शोधावे लागते. ‘लाडू खाल्ला’ आणि ‘लाडू खाल्ले’ यांतील फरक आमच्या भोजनगृहातील कोणत्याही मुलास समजावून सांगावा लागला नाही!

खरी अडचण लेखनात येते. वीट लिहिताना ‘वी’ दीर्घ आणि विटा लिहिताना ऱ्हस्व; फूल–फुले, मूल–मुले यांतही तसेच. परंतु गीत–गीते, शील–शीले यांत दीर्घच राहते, कारण हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आले आहेत. याहून मोठा पेच नपुसकलिंगी नामांचा. मूल घरी ‘घरं, झाडं, लेकरं’ बोलते. वहीत ‘घरे, झाडे, लेकरे’ लिहावे लागते. 1962 च्या लेखनविषयक नियमांनीही बोलणे जसेच्या तसे दाखविताना अनुस्वाराची रूपे चालतील, अन्यत्र एकारान्त लिहावे, असेच सांगितले. ‘झाडं’ ही चूक नव्हे, ते बोलण्यातले रूप आहे. हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगितले नाही, तर आपल्या आईची भाषाच चुकीची, असा समज घेऊन ते मोठे होते.

आणखी एक अनेकवचन आहे. ते एकाच माणसासाठी असते. ‘बाई आल्या’, ‘आजोबा गेले’. ‘बाबासाहेब महाडला गेले’ असे आमचे पहिलीतील मूलही म्हणते, ‘गेला’ म्हणत नाही. व्याकरण याला आदरार्थी बहुवचन म्हणते.

एका पालकभेटीनंतर मी तिसरीच्या वर्गाला पाच वाक्ये लिहावयास सांगितली. एका मुलाने लिहिले, ‘सरपंच आले. डॉक्टर आले. माझा बाप आला.’ मी लाल शाईने ‘बाप’ खोडून ‘वडील’ आणि ‘आला’ खोडून ‘आले’ केले, आणि समजावून न सांगता वही परत दिली. मधल्या सुट्टीत तो वही घेऊन आला. म्हणाला, ‘गुरुजी, आमच्या गावात त्यांना सगळे आला-गेलाच म्हणतात.’

मला उत्तर सुचले नाही. लेक बापाला जिव्हाळ्याने ‘आला’ म्हणतो, ते एकवचन निराळे. आणि गावातले पोरसवदाही पिकल्या केसांच्या माणसाला ‘का रे, आलास का’ म्हणते, ते निराळे. आपल्यातील जुन्या मंडळींना हे दुसरे एकवचन चांगले ठाऊक आहे. लाल शाईला हा भेद कळत नाही. मी वर्षानुवर्षे जो नियम शिकवीत होतो, तो कोणाला लावायचा आणि कोणाला नाही, हे गावाने आधीच ठरवून ठेवले होते, आणि मुलाने ते ऐकून ऐकून बरोबर शिकले होते.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर दोन्ही वाक्ये लिहिली आणि कोण कोणाला काय म्हणते, हे मुलांनाच सांगू दिले. तास संपला तरी सांगणे संपले नाही. तेव्हापासून वचनाच्या धड्यात प्रत्येक मूल आपल्या घरातील एका मोठ्या माणसाविषयी अनेकवचनात तीन वाक्ये लिहिते.

पुढच्या पालकभेटीनंतर त्या मुलाच्या वहीत ‘माझे वडील आले’ असे होते. त्याखाली लिहिले होते, ‘आई आली.’ त्या ‘आली’ला मी हात लावला नाही.