बौद्धिक दिव्यांग मुलं स्वतः जेवायला कशी शिकतात? शिकवणी शेवटच्या पायरीपासून का सुरू होते?

मधल्या सुट्टीची घंटा होते. सगळी मुलं डबे उघडतात. एक मुलगा मात्र ताई येऊन भरवतील म्हणून हात मांडीवर ठेवून बसून राहतो.

भरवलं की सांडत नाही, वेळही वाचतो. पण रोज भरवलं तर मुलाला शिकायची संधीच मिळत नाही. उद्या भरवणारं माणूस जवळ नसेल तर?

एक घास, पाच कामं

चमचा धरायचा, भात घ्यायचा, न सांडता वर आणायचा, तोंडात घालायचा, चमचा परत खाली न्यायचा. आपल्याला हे एकच काम वाटतं. विशेष शिक्षक त्याच्या अशा पायऱ्या पाडून एकेक पायरी शिकवतात.

शेवटापासून सुरुवात का?

मुलाच्या हातावर आपला हात ठेवून चमचा तोंडाजवळ आणायचा आणि तिथे हात सोडायचा. घास मूल स्वतः तोंडात घालतं. काम पूर्ण झाल्याचा आनंद आणि घास, दोन्ही लगेच मिळतात. हे जमलं की हात थोडा आधी सोडायचा: आधी छातीपाशी, मग ताटलीपाशी. हाताने खाणाऱ्या मुलालाही असंच शिकवता येतं.

घरात काय करता येईल?

- चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळा, पकड सोपी होते.
- उभ्या काठाची ताटली घ्या. खाली ओलं फडकं ठेवा, ती सरकत नाही.
- सुरुवात घट्ट खिचडी किंवा शिऱ्याने करा. पातळ आमटी नंतर.
- पाठ ताठ आणि पाय टेकलेले हवेत.
- भूक लागलेली असताना, पहिल्या काही घासांनाच सराव घ्या. मूल थकलं की मदत करा.

कधी थांबायचं?

जेवताना वारंवार ठसका लागणं, आवाज ओलसर, घरघरता होणं, घास तोंडात साठून राहणं ही गिळण्याच्या त्रासाची लक्षणं असू शकतात. अशा वेळी सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा. मान मागे टाकून किंवा आडवं झोपवून कधीच भरवू नका.

शाळेची जबाबदारी काय?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी अनुदानित आणि मान्यताप्राप्त शाळांनी दिव्यांग मुलांना गरजेप्रमाणे आधार द्यायचा आहे. त्यामुळे 'स्वतः जेवणं' हे उद्दिष्ट मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यात लिहून घ्या. घरी आणि शाळेत एकाच पद्धतीने शिकवा.

भात सांडेल, शर्ट खराब होईल. होऊ द्या, शर्ट धुता येतो.