तंबाखू सुटत कां नाहीं ?

गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर तंबाखू सोडावी आणि रामनवमीचा सुंठवडा हातीं पडण्यापूर्वींच ती पुन्हां गालांत धरावी, हा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. असा गृहस्थ पुन्हां तळहातावर चुना मळूं लागला म्हणजे पेढीवरील मंडळी हंसतात, घरचीं माणसें "याच्यानें कांहीं व्हावयाचें नाहीं" असें म्हणतात, आणि थोडक्याच दिवसांत तोहि तसेंच म्हणूं लागतो. आमच्या मतें तंबाखूच्या खालोखाल घातुक अशी जर कोणती वस्तु असेल, तर ती ही समजूत होय. तंबाखू न सुटणें हा शीलाचा दोष नसून, एका द्रव्यानें देहावर बसविलेला तो अंमल आहे. आणि तो कसा बसतो हें नीट कळल्यास तो उठवितांहि येतो, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

तंबाखू हें कांहीं आपल्या वाडवडिलांचें सनातन दैवत नव्हे. मूळची ती अमेरिका खंडांतली. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर ती या देशास लागली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभीं असद बेग नांवाचा मोगल वकील विजापुराहून परततांना ती अकबर बादशहाच्या दरबारांत घेऊन गेला. पुढें १६१७ सालीं जहांगिरानें ती ओढण्याची मनाई केली. परंतु मनाई राहिली बाजूस आणि तंबाखू झोपडीपर्यंत पोहोंचली. महाराष्ट्र सरकारनें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली, ती योग्यच होती. तथापि चोरट्या वाटेनें येणारी पुडी ज्यास पाहिजे त्यास अजूनहि मिळते. २०१६-१७ सालच्या देशव्यापी पाहणींत महाराष्ट्रांतील दर शंभर प्रौढ पुरुषांत सुमारें ३२ व स्त्रियांत सुमारें १७ जणांस न ओढतां घेण्याच्या तंबाखूची संवय आढळली. मळलेली तंबाखू, मावा, विदर्भांतला खर्रा, गुटखा आणि बायकांची मिसरी हीं सर्व तिचींच रूपें. तात्पर्य, नुसत्या हुकुमानें हें व्यसन जात नाहीं, आणि नुसत्या उपदेशानेंहि जात नाहीं.

आतां हा अंमल बसतो कसा तें पाहूं. तंबाखूंत निकोटीन नांवाचें द्रव्य आहे. चुन्याच्या क्षारानें तें मोकळें होतें व गालाच्या आंतील नाजूक त्वचेंतून रक्तांत शिरतें. म्हणजे चुना हा केवळ चवीसाठीं नसून तोच या चोरास दार उघडून देतो. रक्तांतून तें मेंदूस पोहोंचलें कीं क्षणभर हुशारी वाटते. परंतु सुमारें दोन तासांत त्याचा अर्धा भाग ओसरतो, आणि संवय जडलेला मेंदू पुन्हां मागणी करूं लागतो. रात्रभराच्या उपासानंतर सकाळीं डोळे उघडतांच हात चंचीकडे जातो, याचें कारण हेंच. "तंबाखूनें डोकें चालतें" असें जे म्हणतात त्यांस आमचा असा प्रश्न आहे कीं, तिच्यावांचून डोकें बंद पाडलें कोणीं? सावकारानें आधीं खिसा कापावा आणि मग त्यांतलेच चार पैसे परत देऊन उपकार मिरवावे, त्यांतलाच हा प्रकार होय.

या उपकाराचें व्याज मात्र जबर आहे. न ओढतां घेतलेल्या तंबाखूनें तोंडाचा, अन्ननलिकेचा आणि स्वादुपिंडाचा कर्करोग होतो, हें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें ठरविलें आहे. आणि सुपारीहि स्वतंत्रपणें कर्करोगकारक आहे असा तिचाच निर्णय आहे. सुपारीनें गालाची आंतील त्वचा ताठत जाऊन पुढें घांस घेण्यापुरतेंहि तोंड उघडत नाहीं. मिसरीस निरुपद्रवी समजणाऱ्या मायबहिणींनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, मुंबईंत झालेल्या व २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, गरोदरपणीं अशी तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांचीं मुलें सरासरीनें १०५ ग्रॅम कमी वजनाचीं जन्मलीं. तोंडांत पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवडे न भरणारी जखम, किंवा तिखट मुळींच न सोसणें, यांपैकीं कांहींहि दिसल्यास एक दिवसहि न दवडतां वैद्यकीय तपासणी करावी.

असो. भय दाखविणें सोपें आहे; मार्ग दाखविणें अधिक अगत्याचें. आमच्या व्यापारी वाचकांस हिशोबाची संवय आहेच; त्यांनीं प्रथम आठ दिवस प्रत्येक चिमटीची रोजकीर्द ठेवावी: कोणत्या वेळीं घेतली, कोणाच्या संगतींत घेतली, कशानंतर घेतली. त्यावरून आपला शत्रु कोणत्या दारानें येतो तें कळेल. मग एक दिवस नेमून घरच्यांस व पेढीवरच्यांस सांगावा, आणि आदल्या रात्रीं चंची, चुन्याची डबी, पुड्या सर्व बाहेर टाकाव्या. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचीड होते, झोंप मोडते, कोठा साफ होत नाहीं. हीं व्यसन बळावल्याचीं चिन्हें नसून तें निघून जात असल्याचीं चिन्हें आहेत, आणि दोन ते चार आठवड्यांत तीं बहुतेक मावळतात. भरपूर पाणी, पालेभाजी व सकाळचें चालणें यांनीं कोठ्याची तक्रार हटते. प्रत्येक तलफ थोड्या मिनिटांची असते. तेवढा वेळ बडीशेप किंवा लवंग तोंडांत टाकून, उठून चार पावलें चालून ती टाळावी. सुपारीचा आधार मात्र मुळींच घेऊं नये. तो आगींतून फुफाट्यांत जाण्याचा मार्ग आहे.

ज्यांचें व्यसन जुनें आहे त्यांस औषधाची मदत घेण्यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. औषधांच्या दुकानांत निकोटीनच्या गोळ्या चघळण्यासाठीं मिळतात. गोळी पानासारखी एकसारखी चावावयाची नसते. थोडी चावून चुरचुर लागली कीं ती गाल व हिरडी यांच्यामध्यें धरून ठेवावयाची, आणि त्या वेळीं चहा-कॉफी घ्यावयाची नाहीं. "विषावर विषच कां?" असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, तंबाखूंतील कर्करोगकारक द्रव्यें वेगळीं आहेत. तीं या गोळींत नसतात, आणि निकोटीनचें प्रमाणहि पायरीपायरीनें कमी करतां येतें. गरोदर स्त्रिया व हृदयविकाराचे रोगी यांनीं डॉक्टरांस विचारल्यावांचून ती घेऊं नये. सरकारनें २०१६ सालीं सुरू केलेल्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर विनामूल्य सल्लाहि मिळतो. आणि इतकें करूनहि एखादे दिवशीं चिमूट तोंडांत गेलीच, तर पाडवा बुडाला असें समजूं नये. बहुतेकांची तंबाखू पहिल्याच खेपेस सुटत नाहीं. जो पुन्हां सोडतो त्याचीच ती सुटते.

शेवटीं पेढीवरील मंडळींस दोन शब्द. सोडणाऱ्या मनुष्यास एकट्यानें लढावयास लावून त्याच्यापुढें चंची सरकविणें यांत आतिथ्य नाहीं, वैर आहे. आणि दुकानांतल्या बारा वर्षांच्या पोरास "जा रे, पुडी घेऊन ये" असें जे सहज सांगतात, त्यांनीं आपण त्यास कोणती विद्या शिकवीत आहों याचा विचार करावा. अठरा वर्षांखालील मुलास, तसेंच शाळेपासून शंभर वारांच्या आंत, तंबाखू विकणें २००३ च्या कायद्यानें मना आहे. आणि मुलास तंबाखू देणारास २०१५ च्या बालन्याय कायद्यानें सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकते. परंतु कायद्याचें भय दूर ठेविलें तरी प्रश्न उरतोच. आज पुडी आणणारा पोर उद्यां ती फोडून पाहील, आणि वीस वर्षांनीं एखाद्या पाडव्यास तोहि सोडावयाचा निश्चय करील. त्याच्यावर ती पाळी येऊं द्यावयाची कीं नाहीं, हें आज त्यास हांक मारणाऱ्याच्या हातीं आहे.