मुंबईचे बीट ग्रुप : एका दुर्लक्षित दशकाचा मागोवा

काळा घोडा येथील ऱ्हिदम हाउस हे ध्वनिमुद्रिकांचे दुकान २०१६ साली बंद झाले, तेव्हा हळहळीच्या लेखांना तोटा नव्हता. परंतु अशा दुकानांतल्या विलायती तबकड्या ऐकून ज्या हौशी मुलांनी साठोत्तरी मुंबईत स्वतःचे वाद्यवृंद उभे केले, त्यांची आठवण मराठीत क्वचितच निघाली. बीट ग्रुप म्हणजे दोन-तीन विद्युत गिटारी, त्यांतील एक खर्जातील म्हणजे बेस, एक ड्रम्सचा संच आणि मिळून गाणारे चार-पाच तरुण, असा बीटल्समुळे १९६३ नंतर जगभर रूढ झालेला छोटा वृंद होय.

पन्नाशीच्या दशकाबद्दल इतकेच सांगणे पुरे, की १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीची दारे लावून घेतली, श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले आणि अभिजात संगीताच्या प्रसारासाठी योजलेल्या या उपायाने अनेक घरांत त्याच केंद्रावरचे इंग्रजी कार्यक्रमही पोहोचवले.

त्यानंतरची दहा वर्षे मात्र सावकाश पाहण्याजोगी आहेत. जेट्स, मिस्टिक्स, कम्बस्टिबल्स, सॅव्हेजेस अशा नावांचे वृंद पुढे आले. आयातनिर्बंधांमुळे परदेशी गिटार दुर्मीळ असल्याने ती उसनी मिळवणे हेही एक कौशल्य ठरले, आणि स्वरलेखन हाताशी नसल्याने तबकडीवरची सुई पुन्हापुन्हा मागे नेऊन गाणी बसवली जात. दारूबंदीच्या शहरात दुपारी शीतपेयांवर चालणारे तरुणांचे नृत्यमेळावे, ज्यांना जॅम सेशन म्हणत, हे त्यांचे हक्काचे व्यासपीठ होते. पुढे एका तंबाखू कंपनीने आपल्या सिगारेटच्या नावाने सिमला बीट स्पर्धा भरवली. तिच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि कर्नाटक संगीताच्या मैफलींसाठी ओळखले जाणारे षण्मुखानंद सभागृह विद्युत गिटारींनी दणाणले. कोवळ्या वयाच्या कलेला धूम्रपानाच्या पैशाने पोसावे हे लाजिरवाणे होते खरे, पण दुसरे कोणी पुढे आले नव्हते.

या मुलांवर नकलेचा शिक्का बसला, आणि तो मारणाऱ्यांनी दुहेरी माप वापरले. ‘गुमनाम’ (१९६५) मध्ये टेड लायन्सचा वृंद पडद्यावर वाजवताना दिसतो, आवाज रफींचा आणि संगीत शंकर-जयकिशन यांचे आहे. तेथे पाश्चात्य ठेका नावीन्य ठरला, तोच महाविद्यालयीन मुलांनी वाजवला की सांस्कृतिक अधःपात झाला. वास्तविक नक्कल ही त्यांची उमेदवारी होती, जशी ती घराण्यात गुरूच्या मागे बसून गाणाऱ्या शिष्याचीही असते. आजच्या महाविद्यालयीन महोत्सवांत प्रायोजकांची नावे रंगमंचापेक्षा मोठी असतात आणि ध्वनिमुद्रित साथीवर गाणे भागते, तेथे तर अशी उमेदवारीही उरलेली नाही.

सत्तरीच्या उत्तरार्धात डिस्को आला, काही वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे गेले, काही परदेशी. पुढील वर्षे वेगळी नोंदण्याचे कारण नाही. अपवाद नंदू भेंडे यांचा. आत्माराम व आशा भेंडे या नाट्यकर्मी दांपत्याचा हा मुलगा बीट ग्रुपांतून गात मोठा झाला, १९७४ मध्ये अलेक पदमसी यांच्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये ज्यूडास झाला आणि १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त त्याच घडणीचा आवाज घेऊन उभा राहिला. त्या नाटकाची चर्चा करताना ब्रेख्त, पु. ल. आणि जब्बार पटेल यांचे ऋण आवर्जून सांगितले जाते. जॅम सेशनांचे कोणी सांगत नाही.