वऱ्हाडातला उन्हाळा आणि नवा कॉम्प्युटर

मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांपुढे जातो, अमरावतीही फार मागे नसते. कॉम्प्युटर घेताना आपल्याकडे आधी हाच विचार हवा. साधा पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोली 25 वरून 40 अंशांवर गेली, की चिपही साधारण 15 अंशांनी जास्त तापते. 95-100 अंशांच्या आसपास ती स्वतःच वेग कमी करते.

म्हणून माझा कल असेंबल करण्याकडे. ऐसपैस कॅबिनेट, पुढे धूळ अडवणारी जाळी, दमदार एसएमपीएस आपल्याला निवडता येतो. मात्र वॉरंटी प्रत्येक पार्टची वेगळी असते. तेव्हा दुकानदाराकडून सीरियल नंबर टाकलेलं पक्कं बिलच घ्या.