स्नेहपाक आणि रेणूंची ध्रुवीयता

काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात पेणच्या आमच्या दवाखान्यातून दिलेले सिद्ध तेल रुग्णाने तीन आठवड्यांत परत आणले. बाटलीच्या तळाशी गढूळ थर, वर आंबूस वास. दोष ना वनस्पतींचा, ना कोकणातील पावसाचा. घाईत उतरविलेल्या आमच्या पाकात पाणी राहिले होते. त्या निमित्ताने बारावीत केवळ घोकलेला रसायनशास्त्राचा एक पाठ आम्ही पुन्हा उघडला.

इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची शक्ती पॉलिंगच्या मापनानुसार ऑक्सिजनची ३.४४, तर हायड्रोजनची २.२० आहे. म्हणून पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनकडे अंशतः ऋण व हायड्रोजनकडे अंशतः धन प्रभार येतो. दोन बंधांतील कोन सुमारे १०४.५ अंशांचा असल्याने ही ओढ परस्परांस छेदत नाही. रेणू ध्रुवीय ठरतो. कार्बन डायऑक्साइडचेही बंध ध्रुवीयच आहेत. परंतु तो रेणू सरळ रेषेत असल्याने दोन्ही ओढी एकमेकींस निष्प्रभ करतात आणि रेणू अध्रुवीय राहतो. विद्यार्थी चुकतात ते नेमके येथे.

तेलाच्या रेणूंत कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्या असतात. कार्बनची ओढ २.५५, म्हणजे हायड्रोजनच्या जवळपास. त्यामुळे साखळी अध्रुवीयच. तेल पाण्याचा द्वेष करते असे म्हणतात, ते खरे नव्हे. पाण्याचे रेणू आपसांत घट्ट धरून राहतात, तेल बाहेर पडते. पेण तालुक्यातील मिठागरांचे मीठ मात्र पाण्यात सहज विरते, कारण त्याचे प्रभारित कण पाण्याचे रेणू वेढून घेतात. तेच मीठ खोबरेल तेलात टाकावे, तळाशी जसेच्या तसे राहते.

आता कल्क एक भाग, स्नेह चार, द्रव सोळा हे प्रमाण पाहू. उकळत्या द्रवातून अध्रुवीय घटक हळूहळू तेलात उतरतात; शर्करेसारखे ध्रुवीय घटक बहुतांशी कल्कातच राहतात. म्हणून काढ्याचे सर्व गुण तेलात आले, असे रुग्णास सांगणे आम्हांस पटत नाही.

रोह्याजवळ धाटावच्या रासायनिक कारखान्यांतील काही कामगार हातावरचे तेलकट डाग थिनरने पुसतात. डाग जातो, पण त्वचेचा नैसर्गिक स्नेहही त्याच न्यायाने विरघळून निघतो आणि भेगा पडतात. त्यांस आम्ही साबण सुचवितो. त्याच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे, दुसरे तेलाकडे वळते.

आणि पाक उतरविण्यापूर्वी कल्काची वर्ती अग्नीवर धरतो. चटचट आवाज आला, की पाणी अजून आहे. कढई आणखी थोडा वेळ मंद आचेवर.