भांडखोरपणा कोठून येतो?

जरा धक्का लागला की हात उगारणारा एखादा मुलगा बहुतेक वर्गांत असतो. ‘घरी धाक नसेल’ असे त्याच्याबद्दल आपण चटकन म्हणून टाकतो. पण भरपूर धाक असलेल्या घरांतही असे मुलगे आढळतात. असे का व्हावे?

अल्बर्ट बांडुरा आणि रिचर्ड वॉल्टर्स या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत पौगंडावस्थेतील २६ आक्रमक मुलगे निवडले आणि तुलनेसाठी तसे नसलेले २६. गरिबी किंवा मोडलेले घर ही कारणे मध्ये येऊ नयेत, म्हणून दोन्ही गट बऱ्या परिस्थितीतील, आईवडील एकत्र राहणाऱ्या घरांतून घेतले. मुलगा, आई व वडील यांच्या मुलाखती घेतल्या. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एक विसंगती दिसते. आक्रमक मुलांचे आईवडील स्वतःला उलट उत्तर मुळीच खपवून घेत नसत, शिक्षा करत. मात्र बाहेर कोणी खोडी काढली तर ‘तूही दे ठेवून’ ही शिकवणही त्यांचीच! वडिलांशी या मुलांचा जिव्हाळाही कमी होता. मारू नकोस हे सांगताना मारणारा हात मुलाला दिसतोच. १९६१ मध्ये बांडुरांनी लहान मुलांवर प्रयोग केला, तेव्हा मोठ्या माणसाला हवा भरलेला बाहुला बडवताना पाहिलेल्या मुलांनी त्याची हुबेहूब नक्कल केली.

ऑरेगनमधील जेरल्ड पॅटरसन यांनी तर घरोघरी निरीक्षक पाठवले. समजा, आई खेळायला जाऊ देत नाही. मुलगा आरडाओरडा करतो, आई कंटाळून ‘जा एकदाचा’ म्हणते. मुलाचे काम होते, आईला शांतता मिळते. पुढच्या वेळी दोघेही तेच करतात. हीच युक्ती तो मैदानावर वापरतो. पण सवंगडी म्हणजे काही आई नव्हे! ते त्याला खेळायला घेईनासे होतात. मग अशीच दूर लोटलेली मुले त्याला भेटतात आणि तेथे दांडगाईला शाबासकी मिळते.

सगळे खापर आईवडिलांवर फोडणे मात्र चूक ठरेल. काही मुले उपजतच तापट असतात आणि त्यांच्या हट्टामुळे पालकही कडक होतात. मग कारण कोणते आणि परिणाम कोणता? पॅटरसन यांनी पालकांना पद्धत बदलायला शिकवली: चांगल्या वागण्याची लगेच दखल घ्यायची, चुकीला ठरलेली सौम्य शिक्षा न चुकता करायची, ओरडण्यापुढे नमायचे नाही. बऱ्याच घरांत मुलांचा आक्रमकपणा कमी झाला.