दुधाविना चहा, पण चवीचा

दूध प्यायल्यावर पोट फुगतं, गुडगुडतं, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती फोडणारं लॅक्टेज हे विकर लहान आतड्यात तयार होतं. वयानुसार ते अनेकांमध्ये कमी होत जातं. मग न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात पोचतं, तिथले जिवाणू ते आंबवतात आणि वायू धरतो. दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी मात्र निराळी. तिथे थेंबभर दूधही घातक ठरू शकतं.

दूध सोडलं की आधी आठवतो चहा. नुसता कोरा चहा अनेकांना तुरट लागतो. कारण चहातली टॅनिनं जिभेवर तुरटपणा आणतात आणि दुधातलं केसिन त्यांना बांधून ठेवतं. दूध गेलं की तो आधार जातो.

माझ्या मते यावर सर्वांत चांगला उपाय गवती चहा. त्यात कॅफीन नाही आणि तुरटपणाही जवळपास नाही, त्यामुळे दुधाची उणीव भासत नाही. त्याचा लिंबासारखा वास सिट्रालचा. पात चुरगाळली की तो लगेच हाताला लागतो. सिट्राल वाफेबरोबर उडून जातं, म्हणून पाती उघड्या भांड्यात उकळत ठेवू नयेत. तीन-चार पातींची जुडी गाठ मारून, आल्याचा ठेचलेला तुकडा घालून पाण्याला उकळी आणा, गॅस बंद करा आणि पाच मिनिटं झाकून ठेवा. गूळ गाळल्यावर घाला. कुंडीत एक ठोंब लावलात तर पाती कायम ताज्या मिळतील.